सुईट नको, चेकआउट तेवढा चारचा द्या

कामानिमित्त सतत हॉटेलात राहणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास येतो, एवढी फिरतेस तर तुला सगळं फुकटच मिळत असेल ना. फुकट काही मिळत नाही हो, पण मिळतं बरंच. फक्त जे जाहिरातीत दाखवतात ते वेगळं आणि जे खरंच पदरात पडतं ते वेगळं. जाहिरातीत काय असतं, तर भलामोठा सुईट, काचेतून दिसणारा समुद्र, पांढऱ्या गाऊनमध्ये हसणारं जोडपं. आणि खरा फायदा कुठला, तर फ्लाइट रात्री साडेनऊची आहे, बाहेर रणरणतं ऊन आहे आणि दुपारी बारा वाजता तुम्हाला कुणी रूम खाली करायला सांगत नाहीये. याचा फोटो काढता येत नाही म्हणून याची जाहिरात होत नाही, बाकी काही नाही.

आता असं का होतं हे कळायला एक गोष्ट माहीत हवी, आणि ती माहीत झाली की लॉयल्टी प्रोग्रामबद्दलचे, म्हणजे एकाच चेनमध्ये राहत गेलं की पॉइंट्स देणाऱ्या आणि वर्षातल्या रात्री मोजून वरच्या पायरीवर चढवणाऱ्या (त्या पायरीलाच स्टेटस म्हणतात) मेंबरशिपबद्दलचे, निम्मे गैरसमज आपोआप जातात. मॅरियट, हिल्टन, हयात, आयएचजी या मोठ्या हॉटेल चेन, बोर्डावर नाव यांचं असलं तरी बिल्डिंग बहुतेक वेळा भलत्याच कुणाच्या तरी मालकीची असते. तो मालक नाव वापरण्याचे पैसे कंपनीला देतो, वर मेंबर लोकांच्या बिलातला ठरावीक हिस्सा लॉयल्टी प्रोग्रामच्या खात्यात भरतो. मग कुणी पॉइंट्सवर फुकट राहायला आलं की कंपनी हॉटेलला पैसे देते, पण कसे, तर एरवी अगदी बेताचे, साफसफाई वगैरे खर्च निघेल इतपत, आणि हॉटेल जवळजवळ फुल असेल तर मात्र चालू सरासरी रेटच्या आसपास. आणि तुमचा फुकट नाश्ता? तो बहुतेक वेळा मालकाच्याच खिशातून. म्हणजे वचन देणार कंपनी आणि ते निभावणार मालक. मग जिथे नियमात पळवाट असेल तिथे मालक हात आखडता घेणारच, त्यात नवल काय.

म्हणून मी कुठलाही फायदा वाचताना एकच बघते, त्याच्यापुढे 'उपलब्धतेनुसार' असं लिहिलंय का. लिहिलं असेल तर तो फायदा नाही, ते गाजर आहे. मिळाला तर आनंद आहे, नाही मिळाला तर वाद घालायला आधार नाही, कारण उपलब्ध आहे की नाही हे ठरवणार हॉटेलच.

रूम अपग्रेड हे यातलं सगळ्यात मोठं गाजर. एकदा रात्री उशिरा एका हॉटेलात पोचले, कुठलं ते जाऊ दे. काउंटरवरच्या मुलीने कार्ड बघितलं, गोड हसली, तुम्ही आमच्या खास मेंबर वगैरे झालं, आणि म्हणाली मॅम आज सगळं फुल आहे, तुम्हाला बुक केलेलीच रूम देते. माझ्या फोनवर त्याच हॉटेलच्या त्यांच्याच ॲपमध्ये त्याच रात्रीसाठी ज्युनिअर सुईट विकायला दिसत होता. मी काही न बोलता फोन तिच्यासमोर फिरवला. तिने स्क्रीन बघितली, मग मागच्या केबिनच्या दाराकडे बघितलं, मग बराच वेळ काहीतरी टाइप करत राहिली, आणि शेवटी वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली रूम दिली. सुईट नाहीच. त्या मुलीचा मला अजिबात राग आला नाही, कारण तो सुईट शेवटच्या क्षणापर्यंत विकायला ठेवायचा हे तिने ठरवलेलं नव्हतं. हल्ली तर येण्याच्या दोनतीन दिवस आधी मेल येतो, बघा, थोडे पैसे भरा आणि मोठी रूम घ्या. हा मेल साध्या गेस्टलाही जातो. म्हणजे ज्या रूमसाठी तुम्ही वर्षभर रात्री मोजताय तीच रूम आदल्या दिवशी कुणीतरी किरकोळ पैसे भरून घेऊन जातं आणि तुमच्या तोंडाला पानं पुसली जातात.

याला अपवाद आहे, आणि तो माहीत असावा. हयातमध्ये ठरावीक रात्री झाल्या की सुईट अपग्रेडचे अवॉर्ड, म्हणजे एक प्रकारची कूपनंच, मिळतात, ते बुकिंग करतानाच लावता येतात, साधा सुईट रिकामा असेल तर तिथल्या तिथे कन्फर्म, एका वेळी 7 रात्रींपर्यंत. विषय संपला. मॅरियटच्या नाइटली अपग्रेड अवॉर्डचं मात्र उलट, तुम्ही रिक्वेस्ट टाकायची आणि येण्याच्या काही दिवस आधीपासून सिस्टीम बघणार की देता येतंय का, नाही जमलं तर अवॉर्ड परत तुमच्या खात्यात. दोन्हीचं नाव ऐकायला सारखंच वाटतं, पण एकाच्या भरवशावर आईवडिलांना सोबत नेता येतं आणि दुसऱ्याच्या नाही.

आता माझ्या आवडीचा विषय, लेट चेकआउट. मॅरियटमध्ये प्लॅटिनम स्टेटस आणि त्यापुढच्यांना दुपारी 4 पर्यंतची हमी आहे, फक्त रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन हॉटेलं सोडून, तिथे परत तेच उपलब्धतेनुसार. हयातच्या ग्लोबलिस्टलाही, म्हणजे त्यांच्या वरच्या स्टेटसला, 4, तिथेही रिसॉर्ट या हमीतून वगळलेले. हिल्टनमध्ये गोल्ड आणि डायमंडला लेट चेकआउट मिळतो पण अमुक वाजेपर्यंत देऊच अशी हमी नाही, विचारायचं आणि बघायचं. ज्यांची कामं सकाळी आणि फ्लाइट रात्री असतात त्यांनी चेन निवडताना हे एवढं जरी बघितलं तरी पुरे. मीटिंग संपवून परत यायचं, आंघोळ करायची, तासभर पडायचं, बॅग शांतपणे भरायची आणि मग निघायचं, हे ज्याने कपडे बदलायला लॉबीतलं टॉयलेट वापरलंय त्यालाच कळेल.

पण यात एक बारीक गंमत आहे जी कुणी सांगत नाही. लेट चेकआउट दिला असं तोंडी सांगतात, कॉम्प्युटरमध्ये पण टाकतात, पण तुमच्या हातातलं की-कार्ड जुन्याच वेळेवर सेट असतं. बारा वाजले की ते मरतं. तुम्ही पूलमधून ओल्या केसांनी, टॉवेल गुंडाळून लिफ्टमधून वर येता, कार्ड लावता आणि दारावर लाल दिवा. मग तशाच अवतारात खाली लॉबीत, जिथे सूटबूट घातलेली माणसं कॉन्फरन्सचे बॅज लावून उभी. म्हणून चेकइन करतानाच सांगायचं की चारचा चेकआउट हवाय आणि कार्ड त्याच वेळेचं बनवून द्या. सकाळी सांगायच्या भानगडीत पडू नका, तोपर्यंत हाउसकीपिंगची यादी बनलेली असते आणि साडेअकरापासून दार वाजायला लागतं.

नाश्त्याचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. हिल्टनचं गोल्ड हे माझ्या मते सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त देणारं स्टेटस, कारण अमेरिकेबाहेर बहुतेक ब्रँडमध्ये फुकट नाश्ता मिळतो. अमेरिकेत मात्र 2021 पासून नाश्त्याऐवजी खाण्यापिण्याचं क्रेडिट देतात, जे अनेक हॉटेलांत एका माणसाच्या पोटभर नाश्त्यालाही पुरत नाही. मॅरियटमध्ये नाश्ता सुरू होतो प्लॅटिनमपासून, पण ब्रँड कुठला त्यावर सगळं, कुठे लाउंज, म्हणजे ठरावीक गेस्टसाठीची खाण्याबसण्याची वेगळी जागा, कुठे वेलकम गिफ्ट म्हणून नाश्ता निवडायचा. आणि कळस म्हणजे रिट्झ कार्लटन, चेनमधलं सगळ्यात झगमगीत नाव, तिथे स्टेटस आहे म्हणून ना नाश्ता ना क्लब लाउंज. हयातच्या ग्लोबलिस्टचं सगळ्यात सरळ आहे, क्लब लाउंज असेल तर लाउंज, नसेल तर रेस्टॉरंटमध्ये पूर्ण नाश्ता, कॉन्टिनेंटलच्या नावाखाली दोन ब्रेड आणि ज्यूस नाही. आयएचजीत डायमंडला वेलकम म्हणून नाश्ता निवडता येतो.

लाउंजबद्दल माझं मत थोडं कडक आहे. चांगला लाउंज असेल तर संध्याकाळचं जेवण तिथेच उरकतं, शांतपणे लॅपटॉप उघडून बसता येतं, कॉफी हवी तेवढी. पण कोविडमध्ये बंद झालेले काही लाउंज परत उघडलेच नाहीत, काही उघडले ते फक्त कॉफी मशीन आणि बिस्किटांची बरणी एवढ्यावर. म्हणून लाउंज आहे एवढं वाचून खूश होऊ नका, हॉटेलला फोन करून विचारा की संध्याकाळी काय असतं. आणि पहाटेची फ्लाइट असेल तर आदल्या रात्रीच रिसेप्शनवर सांगून ठेवा की नाश्ता बांधून द्या. बरीच हॉटेलं विनातक्रार देतात, फक्त स्वतःहून विचारत नाहीत.

आता पॉइंट्स. लोक यांच्याकडे बँकेतल्या पैशासारखं बघतात, जपून ठेवतात, आकडा वाढताना बघून समाधान मानतात. अहो पण या पैशाची किंमत ठरवणारा आणि बदलणारा एकच, आणि तो तुम्हाला विचारत नाही. पूर्वी मॅरियटमध्ये तक्ता असायचा, अमुक कॅटेगरीचं हॉटेल म्हणजे अमुक पॉइंट्स. 2022 च्या मार्चमध्ये तो काढून टाकला, आता पैशातला रेट हलला की पॉइंट्सचा रेटही हलतो. हिल्टनने तर तक्ता त्याच्याही आधी बंद केला. अकोर नावाच्या चेनचं गणित सरळसोट, 2000 पॉइंट्स म्हणजे बिलात 40 युरो कमी, स्वप्नं बघायला जागा नाही पण फसायलाही नाही.

कमाईचा हिशोबही एकदा करून बघावा. मॅरियटमध्ये बहुतेक ब्रँडला डॉलरमागे 10 पॉइंट्स, प्लॅटिनमला त्यावर 50 टक्के बोनस. म्हणजे टॅक्स सोडून 200 डॉलरची रूम असेल तर रात्रीचे 3000. पण रेसिडेन्स इनसारख्या, लांबच्या मुक्कामासाठी असलेल्या ब्रँडमध्ये डॉलरमागे 5 च. महिनामहिना तिथे राहणाऱ्यांना हे स्टेटमेंट बघून कळतं, बुकिंग करताना नाही.

खर्च करताना मी साधं करते, रूमचा टॅक्स धरून पैशातला रेट घ्यायचा आणि लागणाऱ्या पॉइंट्सने भागायचं. सर्वसाधारण अंदाज असा धरतात की हिल्टन आणि आयएचजीचा एक पॉइंट अर्ध्या सेंटच्या आसपास, मॅरियटचा त्याहून थोडा जास्त, आणि हयातचा दीड सेंटच्या पुढे. भागाकार याच्या खाली आला तर रोख पैसे भरते, वर आला तर पॉइंट्स उडवते. पाच रात्री राहायचं असेल तर अजून फायदा, मॅरियटमध्ये पाच रात्री पॉइंट्सवर घेतल्या की चारचेच कापतात, आणि हिल्टनमध्ये सिल्व्हरपासून पुढच्यांना पाचवी रात्र फुकट. म्हणून सुट्टी चार रात्रींची ठरवत असाल तर एक रात्र वाढवून बघा, पॉइंट्स साधारण तेवढेच जातील. रिसॉर्ट फी नावाचा, रूमच्या भाड्यावर वेगळी रक्कम लावायचा जो लचांडी प्रकार आहे तो हिल्टन आणि हयात पॉइंट्सच्या मुक्कामाला लावत नाहीत, मॅरियटमध्ये मात्र रूम फुकट असली तरी ती फी भरावी लागू शकते. फुकट म्हणून आनंदाने गेलेल्या माणसाला निघताना बिल हातात मिळालं की चेहरा बघण्यासारखा होतो.

हे सगळं मिळायचं तर बुकिंग हॉटेलच्या स्वतःच्या ॲपवरून किंवा वेबसाइटवरून हवं. बुकिंग डॉट कॉम किंवा एक्सपीडियावरून घेतलं तर सहसा पॉइंट्स नाहीत, रात्री मोजल्या जात नाहीत, आणि स्टेटसचे फायदे द्यायलाही हॉटेल बांधील नाही. कारण उघड आहे, त्या साइटला हॉटेलकडून चांगलंच कमिशन जातं, मग तुम्हाला परत वेगळं कशाला देतील. ऑफिसवाल्यांची खरी अडचण इथेच आहे. कंपनीने हॉटेलशी ठरवलेल्या कॉर्पोरेट रेटवर सगळं व्यवस्थित मिळतं, पण ट्रॅव्हल डेस्कने स्वस्त पडतं म्हणून कुठल्या घाऊक विक्रेत्याकडून घेतलं तर तुमचा मेंबर नंबर टाकूनही काही उपयोग नाही. आपल्या ट्रॅव्हल डेस्कच्या माणसाशी गोड राहा आणि बुकिंग कुठून होतंय ते विचारा. आणि टीमसाठी तीन रूम तुमच्या नावावर घेतल्यात म्हणून तीन रात्री मोजतील असं नाही, मॅरियटमध्ये पॉइंट्स तीन रूमपर्यंत मिळतात, पण स्टेटससाठी रात्र एकच धरतात.

चेन कुठली धरायची हे मला सारखं विचारतात आणि माझं उत्तर रटाळ आहे, तुमच्या कामाच्या ठिकाणाजवळ ज्याचं हॉटेल आहे ती. मॅरियटचा पसारा सगळ्यात मोठा, 2016 मध्ये त्यांनी स्टारवुड ही दुसरी हॉटेल कंपनी घेतली, 2018 मध्ये दोघांचे प्रोग्राम एक केले आणि 2019 मध्ये त्याला बॉन्व्हॉय हे नाव दिलं. जुने स्टारवुडवाले अजूनही हळहळतात, कारण 1999 मध्ये त्यांचा प्रोग्राम आला तोच ब्लॅकआउट डेट नाहीत असं सांगत, म्हणजे साधी रूम विकायला असेल तर ती पॉइंट्सवरही मिळणार, सणासुदीला दार बंद नाही. हयातची हॉटेलं कमी, त्यामुळे अनेकांच्या वाटेवर येतच नाहीत, पण वाटेवर असतील तर माझं पहिलं मत त्यांना. मॅरियटमध्ये गोल्डला 25 रात्री, प्लॅटिनमला 50, टायटॅनियमला 75 लागतात, हयातच्या ग्लोबलिस्टला 60. मॅरियटच्या गोल्डमध्ये खरं सांगायचं तर फारसं काही नाही, दोनचा चेकआउट तोही उपलब्धतेनुसार, थोडे पॉइंट्स आणि एक गोड स्वागत. म्हणून 30-35 रात्रींवर अडकणाऱ्याने दोन चेनमध्ये रात्री वाटण्यापेक्षा एकीकडेच ढकलाव्यात. पॉइंट्सवर राहिलेल्या रात्रीही या मोठ्या प्रोग्राममध्ये स्टेटससाठी मोजतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

डिसेंबर आला की मॅट्रेस रनची चर्चा सुरू होते, म्हणजे दोनचार रात्री कमी पडतात म्हणून गरज नसताना जवळचं स्वस्तात स्वस्त हॉटेल बुक करायचं, चेकइन करायचं आणि घरी येऊन झोपायचं. एखाददोन रात्रींसाठी आणि पुढच्या वर्षी प्रवास नक्की असेल तर ठीक आहे, समजू शकते. पण पुढच्या वर्षाचंच ठरलेलं नसताना दहा रात्रींचे पैसे भरणारी माणसं मी बघितलीयत. त्या पैशात हवे तेवढे नाश्ते आणि चारपाच वेळा अर्ध्या दिवसाचं जादा भाडं भरून झालं असतं. त्यापेक्षा दुसऱ्या चेनला स्टेटस मॅच मागून बघा, आधीच्या चेनचं कार्ड दाखवलं की काही जण तात्पुरतं तेवढंच स्टेटस देतात आणि तीनएक महिन्यांत थोड्या रात्री पूर्ण केल्या की ते पुढे चालू ठेवतात.

अकाउंटचा पासवर्ड मात्र नीट ठेवा, हे मी सगळ्यांना ओरडून सांगते. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये मॅरियटने जाहीर केलं की स्टारवुडच्या बुकिंग डेटाबेसमधून कोट्यवधी गेस्टची माहिती चोरीला गेली, त्यात पासपोर्ट नंबरसुद्धा होते. आणि पॉइंट्स चोरणं हा तर धंदाच आहे, कारण बँकेचा मेसेज आपण लगेच बघतो पण हॉटेलच्या खात्यात सहा सहा महिने डोकावत नाही. मुक्काम संपल्यावर आठवड्याभरात पॉइंट्स जमा झाले का बघायचं, नसतील तर बिलाची पीडीएफ जोडून मिसिंग स्टेची रिक्वेस्ट टाकायची. चेकआउटच्या वेळी बिल मेलवर मागून घ्यायची सवय इथे उपयोगी पडते. आणि बुकिंगवरचं नाव आणि मेंबरशिपवरचं नाव एकच ठेवा, मधलं नाव एकीकडे आणि नुसतं अद्याक्षर दुसरीकडे असलं की सिस्टीम गोंधळते.

प्रवास थांबला तर काय, नोकरी बदलली, प्रोजेक्ट संपला, घरी लहान मूल आलं. स्टेटस उतरतं, त्याला इलाज नाही, फक्त लाइफटाइम असेल तर टिकतं, आणि मॅरियटचं लाइफटाइम प्लॅटिनम म्हणजे 600 रात्री आणि वर 10 वर्षं प्लॅटिनम किंवा त्याच्या वर असायला हवं, म्हणजे तोपर्यंत पाठीचं दुखणंही लाइफटाइम झालेलं असतं. पॉइंट्स मात्र वाचवता येतात. मॅरियट, हिल्टन आणि हयातमध्ये 24 महिने खात्यात काहीच हालचाल नसली की ते जातात, म्हणून मधे एखादा छोटा मुक्काम किंवा पार्टनरकडची किरकोळ खरेदी करून खातं जिवंत ठेवायचं. हिल्टनमध्ये मित्रमंडळी, घरचे मिळून पॉइंट्स एकत्र करता येतात, तेही फुकट. माझ्या एका सहकाऱ्याने प्रवास सोडताना सगळे पॉइंट्स असे बहिणीच्या खात्यात टाकले आणि तिचा हनीमून त्यावर झाला. तिला कुठलंच स्टेटस नव्हतं. चेकइनला हनीमून आहे म्हणाली, तर तिला सुईट दिला.